सातवा रकाना

नवऱ्याने मासे पकडायला जाऊ नये म्हणून भांडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. माझं उलटं होतं. माझा नवरा एकदाचा सॅक पाठीवर टाकून, तंबू आणि गळ घेऊन, माणसांपासून लांब कुठेतरी तीन दिवस जावा म्हणून मी सहा वर्षं जिवाचं रान करत होते. त्याच्या सॅकचा तुटका पट्टा मी शिवला. तंबूला पडलेलं भोक मी बुजवलं. गळाला दोरी कशी बांधायची हेसुद्धा मीच शिकवलं, कारण गाठ मारणं हा माझा धंदा आहे आणि मारलेल्या गाठीत स्वतःचं बोट अडकवणं हा त्याचा छंद.

कारण साधं होतं. मला तीन दिवस घरात एकटीला राहायचं होतं.

हसू नका. लग्नाला बावीस वर्षं झाली. मी घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, कटिंगचं टेबल आणि कपड्यांचे गठ्ठे. सकाळी आठपासून बेल वाजायला लागते. कुणाची पँट आखूड करायची असते, कुणाची सैल, कुणाला आखूड केलेली पुन्हा लांब करून हवी असते. मुलगी गेल्या वर्षी शिकायला वसतिगृहात गेली तेव्हा वाटलं, चला, आता जरा शांतता मिळेल. पण संध्याकाळी पाच चाळीसला नवरा घरी येतो आणि चपला काढायच्या आत म्हणतो, "अगं, ऐकलंस का?" ऐकलेलं नसतंच. मग तो ऐकवतो. झोप लागेपर्यंत ऐकवतो. वाईट काही नाही हो, माणूस सोन्यासारखा आहे. पण सोनं बोलत नाही.

माझ्याकडे एक जाडजूड रहस्यकथा आहे. चार वर्षं झाली, मी पान एकेचाळीसवर आहे. बेचाळिसावं उघडलं की हा शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "खुनी कोण निघाला?"

तर मला हवे होते तीन दिवस. दाराला कडी, मशीनवर झाकण, आणि पातेल्यातूनच उभ्या उभ्या जेवण. ताट का नाही घेतलंस, असं विचारायला कुणी नको. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण हे त्याला सांगणार कसं? त्याचं तोंड एवढंसं झालं असतं, आणि मग त्याची समजूत काढण्यात माझे तीन दिवस गेले असते. म्हणून मी आपली म्हणायची, "जा हो तुम्ही, तुम्हालाही जरा मोकळी हवा हवी."

नवरा पाणीपुरवठा खात्यात रजा कारकून आहे. खात्यात तीनशे चाळीस माणसं आणि त्या सगळ्यांच्या रजा याच्या टेबलावरून जातात. रजेच्या अर्जात नऊ रकाने आहेत. त्यातला सातवा म्हणजे याचा जीव की प्राण: 'रजेच्या काळातील पूर्ण पत्ता'. कुठे मुख्य जलवाहिनी फुटली तर रजेवरच्या माणसाला परत बोलावता आलं पाहिजे, म्हणून हा रकाना. अर्जाची एक प्रत त्याच कारणासाठी कार्यालयाच्या व्हरांड्यात फलकावर लागते. एकोणीस वर्षांत असं एकाच माणसाला बोलावलं गेलं, आणि तोही भलताच माणूस निघाला. पण नवऱ्याने सातवा रकाना कधी कोरा सोडू दिला नाही. मुख्य अभियंत्याने एकदा नुसतं 'बाहेरगावी' लिहिलं, तर याने अर्ज परत पाठवला. "बाहेर म्हणजे कुठे, साहेब? आणि गाव म्हणजे कोणतं?" साहेबांनी मुकाट्याने मेहुण्याच्या घरचा पत्ता लिहून दिला, खिडक्यांच्या रंगासकट.

आता या माणसाचे सहलीचे बेत. पहिल्या वर्षी बेत फसला, कारण याने जळवांबद्दल एक लेख वाचला. दुसऱ्या वर्षी तंबू घरात उभारून पाहिला आणि तो परत मिटेना. नऊ दिवस माझी गिऱ्हाइकं तंबूत शिरून मापं देत होती. तिसऱ्या वर्षी दाढ दुखली. चौथ्या आणि पाचव्या वर्षी नक्की काय झालं ते आठवत नाही, पण दोन्ही वेळा सुट्टीभर तो घरीच होता आणि बोलत होता. यंदा मात्र शुक्रवारी सरकारी सुट्टी आली, रविवार तर होताच, मधल्या शनिवारची एक रजा टाकली की तीन दिवस सलग. मी कॅलेंडर पाहिलं आणि कंबर कसली.

"या वेळी चूक होणार नाही," नवरा म्हणाला. "अगं, लोक निवांत जागा शोधायला निघतात आणि सगळे एकाच जागी भेटतात. का? त्यांच्याकडे माहिती नसते. माझ्याकडे आहे. एकोणीस वर्षांचे सातवे रकाने!"

त्याने भिंतीवर नकाशा लावला, माझा लाल डोक्याच्या टाचण्यांचा डबा ताब्यात घेतला आणि चार संध्याकाळी जुन्या नोंदवह्या उघडून टाचण्या टोचत बसला. खात्यातला जो जो माणूस सुट्टीला जिथे जिथे गेला, तिथे तिथे टाचणी. समुद्रकिनाऱ्यावर इतक्या टाचण्या झाल्या की किनारा फाटून खाली पडला. चौथ्या दिवशी तो एकदम कुजबुजत म्हणाला, "सापडली."

नकाशात बोटभर जागा कोरी होती. डोंगरामागचं एक तळं. जुन्या वीटभट्टीपर्यंत गाडी जाते, पुढे दोन तास पायी.

माझा धाकटा भाऊ तेव्हा समोरच बसला होता. त्याची मोटार शिकवण्याची शाळा आहे. शाळा म्हणजे एक गाडी आणि तो. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला सवय लागली आहे. समोरचं कुणी भरभर बोलायला लागलं तरी त्याचा पाय जमिनीवर ब्रेक दाबतो.

"भाऊजी," तो म्हणाला, "एकोणीस वर्षांत एकही माणूस तिकडे गेला नाही, याला काही कारण असेल ना?"

"आहे ना! त्यांना ते तळं माहीतच नाही."

"किंवा माहीत आहे," भाऊ म्हणाला आणि त्याने पाय दाबला.

या बेतात भाऊ हाच कच्चा दुवा होता. गाडी त्याची. शिवाय नवऱ्याला एकट्याला पाठवून उपयोग नव्हता. तो वाट चुकला असता आणि लोकांना वाट विचारत विचारत घरी पोचला असता. मंगळवारी भावाने कुरकुर सुरू केली. शनिवारी एका विद्यार्थ्याची परीक्षा आहे, तळ्याकाठी साप असतात, मासे हाताला बुळबुळीत लागतात. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं.

"बाबांच्या सायकलचं चाक कुणी वाकवलं होतं रे?"

"ताई, त्याला तीस वर्षं झाली!"

"बाबांचं डोकं अजून शाबूत आहे. फोन लावू?"

भाऊ तळ्यावर जायला तयार झाला.

पुढचे दिवस गुप्ततेचे होते. "फितुरी झाली की तळं संपलं," असं नवऱ्याचं म्हणणं. घरातसुद्धा, खिडक्या लावूनसुद्धा, तो तळ्याला 'ते काम' म्हणायचा. पाठीला ओझ्याची सवय व्हावी म्हणून सॅकमध्ये माझी इस्त्री आणि अस्तराचे दोन तागे भरून तो रोज जिना चढून गच्चीवर जायचा आणि उतरून खाली यायचा. वरच्या मजल्यावर त्याच खात्यातले एक पंपवाले राहतात, बायको आणि तीन मुलांसह. त्यांनी विचारलं, "काय हो, काय चाललंय?" तर हा म्हणाला, "काही नाही, इस्त्रीला ऊन दाखवतोय." पंपवाल्यांनी मान हलवली. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

गच्चीवर गळ फेकण्याचा सरावही झाला. पहिल्याच फेकीत पंपवाल्यांच्या बायकोची वाळत घातलेली चादर सापडली. ओढून काढताना फाटली, मग मी बसून रफू केली आणि गुपचूप परत दोरीवर टाकली. दुसऱ्या फेकीत भाऊ सापडला. त्याचीही कॉलर मी रफू केली. या सगळ्यात मी एका शब्दाने तक्रार केली नाही, यावरूनच माझी गरज किती मोठी होती ते समजावं. वरून पाणी झिरपू नये म्हणून मी न्हाणीघराचा जुना पडदा कापून दोन्ही सॅकना खोळी शिवल्या. त्यांवर बदकं होती, पण त्याला माझा इलाज नव्हता.

सामानाची यादी त्रेपन्न वस्तूंची झाली. मी ती तपासत होते. "कंदील, काडेपेटी, गांडुळांचा डबा... हे काय? रजेचे कोरे अर्ज, नग दहा?"

"असू देत."

"तळ्यावर?"

"अगं, वेळ सांगून येत नाही."

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला आणि "अगं, ऐकलंस का" म्हणाला नाही. तो टेबलाशी बसला होता, समोर स्वतःचा रजेचा अर्ज, हातात पेन.

"काय झालं?"

"सातवा रकाना."

"मग भरा की."

"भरला तर तळं फलकावर लागतं. नाही भरला तर..." त्याने पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"घरचा पत्ता टाका आणि मोकळे व्हा."

मी जणू कुणाला विष घालायला सांगितलं होतं. "आणि मुख्य जलवाहिनी फुटली, मला बोलवायला माणूस इथे आला, आणि मी इथे नाही?"

"तुम्ही कारकून आहात. वाहिनी फुटल्यावर तुम्ही काय करणार?"

"बाकीच्यांच्या रजा कोण रद्द करणार मग?"

त्याने पेन टेकवलं आणि लिहिलं. वीटभट्टी, पायवाट, डावीकडचा मोठा खडक, सगळं. पत्ता वाचणाऱ्याला सापडलाच पाहिजे असा याचाच नियम, म्हणून शेवटी बाणांसह एक छोटा नकाशाही काढला. मी त्याच्या खांद्यावरून ते पाहिलं. त्या क्षणी मी जरा डोकं चालवायला हवं होतं. पण मी मनातल्या मनात दाराला कडी घालत होते, आणि आधी झोपायचं की आधी वाचायचं हे माझं ठरत नव्हतं.

"आणि फलक वाचतं कोण?" तो स्वतःलाच म्हणाला. "एकोणीस वर्षांत कुणाला वाचताना पाहिलं नाही मी."

ते खरंच होतं. पण एकोणीस वर्षांत त्या फलकावर याचा स्वतःचा अर्जही कधी लागला नव्हता. सहलीचे बेत अर्जापर्यंत पोचायच्या आतच बारगळायचे, आणि बाकी कामं हा सुट्टीच्या दिवशी उरकायचा. आमची मुलगीसुद्धा रविवारी झाली.

गुरुवारी तो खुशीत आला. "अगं, ऐकलंस का? आज सगळे किती प्रेमाने वागले! साहेबांनी विचारलं, तिथे सावली असते का. टायपिस्ट बाई म्हणाल्या, लहान मुलांना नेलं तर चालेल ना. मी म्हटलं, कुठे? तर हसल्याच नुसत्या."

मी "हो का" म्हटलं. खरं सांगायचं तर त्याच संध्याकाळी मी जिन्यात पंपवाल्यांना रबरी होडीत हवा भरताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी त्यांना म्हटलं, "मजा करा." माझ्यासारखी शहाणी मीच.

शुक्रवारी सकाळी दोघे निघाले. गाडीच्या टपावर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' ही पाटी, मागच्या सीटवर बदकं. भाऊ तीसच्या वर गाडी नेत नाही, त्यामुळे निरोपाचा हात हलवून हलवून माझा खांदा दुखायला लागला. ती दिसेनाशी झाल्यावर मी आत आले आणि पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून दारावर लावलं:

'शिवणकाम बंद आहे. बेल वाजवू नये. कुणीही. कोणत्याही कामासाठी.'

'कुणीही'च्या खाली दोन रेघा मारल्या आणि कडी घातली.

त्या दिवसाचं काय वर्णन करू? मला आकाश ठेंगणं झालं. मी कटिंगच्या टेबलावर आडवी झाले, मोजायच्या पट्ट्या उशाला घेऊन. तिथे कधीतरी झोपून पाहावं असं बावीस वर्षं मनात होतं. पातेल्यातून खाल्लं. दुपारी अंघोळ केली आणि केस तसेच ओले सोडले. गल्लीतही चिटपाखरू नव्हतं. वरच्या मजल्यावर रोज संध्याकाळी तीन मुलं मिळून काहीतरी जड घरंगळवत नेतात, तेही नाही. मला वाटलं, देवाने माझ्याकडे स्वतः लक्ष घातलंय. संध्याकाळपर्यंत मी पान एकशे तीसवर होते आणि माझा संशय बंगल्याच्या बागेतल्या माळ्यावर होता.

शनिवारी सकाळी दहाला मी टेबलावर आडवी पडून पान दोनशे सहा उलटत होते, तेव्हा लांबून एक गाडी येताना ऐकू आली. ती बराच वेळ येतच राहिली. एवढ्या हळू येणारी गाडी या गावात एकच आहे.

मी रडले. लाज वाटते सांगायला, पण रडले. अजून दोन दिवस होते माझे! पुस्तक छातीवर धरून मी तशीच पडून राहिले. आता बेल वाजणार, मग "अगं, ऐकलंस का", आणि मग सोमवार.

दाराशी पावलं थांबली. नवरा दिसेल ते मोठ्याने वाचतो, सवयच आहे. "शिवणकाम बंद आहे," तो वाचायला लागला. "बेल वाजवू नये. कुणीही..." आणि थांबला.

"वाजवू का बेल?" भावाचा आवाज.

"हात खाली घे."

"भाऊजी, तुमचंच घर आहे!"

"कुणीही लिहिलंय. खाली रेघा आहेत. दोन."

मग पावलं जिना चढून वर गेली, थेट गच्चीपर्यंत.

पाचच मिनिटांनी मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या खिडकीत भावाचं डोकं आलं. "ताई, मी बेल वाजवलेली नाही," तो कुजबुजला आणि गजातून हात घालून माझ्या पातेल्यातलं खाऊ लागला. खाता खाता त्याने सगळं सांगितलं. दोन तास चालून, घामाघूम होऊन दोघे तळ्यावर पोचले, तर तिथे सत्तरएक माणसं. साहेब सहकुटुंब सतरंजीवर. टायपिस्ट बाईंची मुलं पाण्यात. पंपवाले होडीत. सगळ्यांचा हिशेब एकच: ज्याला खात्यातल्या प्रत्येकाची प्रत्येक सुट्टी ठाऊक आहे, तो एकोणीस वर्षांनी स्वतः रजा टाकून जिथे जातो, ती जागा काय साधी असेल? लोक उठून उठून भाऊजींशी हात मिळवत होते. चौघांनी तर सोमवारची रजा तिथेच मागितली, अर्ज आहेत का म्हणून विचारलं, आणि अर्ज होते. भाऊजींनी खडकावर बसून चौघांचे सातवे रकाने तपासले, एक परत केला.

"आणि मासे?"

"त्या तळ्यात मासे नाहीतच, ताई. एका गुराख्याने सांगितलं, कधीच नव्हते. माझ्या गळाला साहेबांची टोपी लागली." त्याने पातेलं तिरकं केलं. "काल दिवसभर आणि आज येताना गाडीत भाऊजी बोलतच होते. ताईला हे सांगायचंय, ताईला ते सांगायचंय. पण दारावरचं ते वाचल्यापासून चकार शब्द नाही. नुसते टाकीला टेकून बसलेत. मला भीती वाटतेय." मग तो माझ्याकडे बघायला लागला, मोकळ्या केसांकडे, पुस्तकाकडे, सुजलेल्या डोळ्यांकडे. "आम्ही नको होतो का तुला?"

"तसं नाही रे. मला फक्त..." आणि मग मी सांगूनच टाकलं. बावीस वर्षं, पान एकेचाळीस, कडी, टेबल. सहा वर्षं त्याच्या सॅकचे पट्टे मी कुणासाठी शिवत होते ते. "त्यांना यातलं काही सांगू नकोस," मी म्हटलं.

"छे," भाऊ म्हणाला, आणि सरळ गच्चीवर जाऊन त्याने अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. त्याचा ब्रेक फक्त पायात आहे.

मी पुन्हा टेबलावर जाऊन बसले, पण वाचवेना. एकच ओळ चारदा वाचली. तोंड एवढंसं झालेला नवरा डोळ्यांसमोरून हलेना. उठावं, केस बांधावे, दार उघडावं आणि म्हणावं, या हो, सांगा काय झालं. मी एक पाय खाली टाकलासुद्धा.

तेवढ्यात दाराखालून कागद सरकला.

रजेचा अर्ज होता. त्याच्या गोल गोल, शाळेतल्या अक्षरात भरलेला. अर्जदार: बायको. हुद्दा: सर्व. शिल्लक रजा: सहाशे साठ दिवस (बावीस वर्षांची, एकही न घेतलेली). रजेचा काळ: शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सहा, पैकी शुक्रवारला कार्योत्तर मंजुरी. 'कारण' या रकान्यात तो लोकांकडून किमान तीन ओळी लिहून घेतो. तिथे नुसतं लिहिलं होतं, 'आहे.' खाली 'मंजूर', त्याची सही, आणि शिक्का जवळ नव्हता म्हणून पेनाने हाताने काढलेला गोल शिक्का, आतल्या बारीक अक्षरांसकट.

सातवा रकाना कोरा होता.

मी कागद उजेडात धरून पाहिला. रकान्याच्या सुरुवातीला शाईचा एक ठिपका होता, बराच वेळ पेन टेकवून ठेवल्यावर पडतो तसा. मुख्य अभियंत्यालाही न सोडणारा माणूस तिथे थांबला होता, आणि मग त्याने पेन उचललं होतं. मी कुठे आहे, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. मला परत बोलावता येणार नव्हतं, वाहिनी फुटली तरी. मला पुन्हा रडू आलं, पण ते वेगळं होतं.

मग मी काय केलं म्हणता? दार उघडून धावत वर गेले? मुळीच नाही. मंजूर झालेली रजा होती. मी खाली टाकलेला पाय वर घेतला आणि पान दोनशे सहा उघडलं.

रविवारी दुपारी पुस्तक संपलं. खुनी माळी नव्हता. पाच चाळीसला मी केस बांधले आणि गच्चीवर गेले. तंबू टाकीला टेकवून उभा होता, आतून भावाचे पाय बाहेर आले होते, उजवा झोपेतही मधूनमधून दाबला जात होता. नवरा बदकांच्या खोळीवर बसून टाकीत गळ सोडून बसला होता. दाढी वाढलेली, नाक उन्हाने सोललेलं. मला पाहून तो दचकला आणि त्याने घड्याळात पाहिलं.

"वीस मिनिटं शिल्लक आहेत तुझी," तो कुजबुजला.

"माझी रजा आहे. मी कुठेही घालवीन," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारी बसले.

गळाला आमिष नव्हतं, कारण ते प्यायचं पाणी होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तो काहीच बोलला नाही. वीस मिनिटं आम्ही टाकीतल्या दोरीकडे बघत बसलो. त्याच्या पोटात दोन दिवसांचं बोलणं साठलं होतं, ते मला शेजारी बसून जाणवत होतं. मधेच तो श्वास घ्यायचा, तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. मला त्या माणसाबद्दल इतकं प्रेम वाटलं की मीच पाच मिनिटं आधी त्याला सोडवणार होते. पण सोडवलं नाही. दिलेलं होतं, ते सगळं घेतलं.

सहा वाजले. त्याने घड्याळ कानाला लावून खात्री करून घेतली.

"अगं, ऐकलंस का?" तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "सांगा."